शेषेरावांचं मोडकं पोतं

रेणापुरात शेषेराव फिटर म्हटलं की शेंबडं पोरही घर दाखवतं. आयटीआयमध्ये तीस वर्षं पोरांकडून कानस घासून घेतली आणि माणूस रिटायर झाला. आता घरी बसून बायकोचा, गुणाबाईंचा, मिक्सर तेवढा दुरुस्त करायचा. पण तो तसाच ठेवून हे निघाले गावोगावच्या मास्तरांना शिकवायला!

नांदेडची एक संस्था शाळांना पेट्या द्यायची. छोट्या मोटारी, प्लास्टिकची दातेरी चाकं, सिरिंजा, नळ्या. त्यातून पोरांनी जेसीबी करायचा, पाळणा करायचा. ते वर्गात कसं करवून घ्यायचं, हे मास्तरांना शेषेराव सांगायचे. त्यांचा दंडक एकच.

"फोटो पाठवू नका मला. फोटो तर म्हशीचाबी चांगला येतोय. वर्षअखेरीला मोडलेलं सामान द्या. मोडलं म्हणजे पोरांचा हात लागला."

मग ते मोडकं पोत्यात भरून एसटीनं घरी. समोरच्या कावेरीबाई टपूनच असायच्या.

"काय मास्तर, भंगार कसं किलो?"

"तुम्हाला परवडायचं न्हाई, वैनी!" म्हणून शेषेराव खदखदून हसायचे.

बाकीच्या शाळांकडून मूठभर मोडकं यायचं. निलंग्याकडच्या वर्षाराणी बाईंची मात्र तीन वर्षं पिशवी भरून आली. शेषेराव जातील तिथं तिचं नाव घ्यायचे. सख्ख्या लेकीचं एवढं कौतुक केलं नसेल. यंदा गुडघ्यांनी दगा दिला. एसटीची पायरी म्हणजे डोंगर झाला. तुमच्या जागी कोण, असं संस्थेनं विचारलं. शेषेरावांनी वर्षाराणीचं नाव फॉर्मवर लिहिण्याआधी गल्लीला सांगून टाकलं.

नांदेडच्या बैठकीत बाईंचं मोडकं मांडून दाखवावं म्हणून आदल्या दिवशी दुपारी त्यांनी तिची यंदाची पिशवी ओट्यावर ओतली. तुकडे निवडता निवडता हात थांबला. फिटरची नजर ती. वापरून थकलेलं चाक कडेनं झिजतं, मग दात जातो. इथं बारा चाकं, बाराही कोरी करकरीत आणि मधोमध मोडलेली. मोडल्या जागी बारीक जाळीदार वण. पक्कडीचे. एकाही तुकड्याला शाई न्हाई, मळ न्हाई, कुण्या पोरानं चावल्याची खूण न्हाई.

गुणाबाईंनी चहा आणून ठेवला. त्यावर साय धरली तरी हे तसेच.

नांदेडला वर्षाराणी नवी साडी नेसून आली होती. वाकून पाया पडली. शेषेरावांनी खिशातलं एक चाक तिच्या तळहातावर ठेवलं.

"बाई, हे कसं मोडलं?"

"पोरांनी, सर. लई दांडगी हायेत."

"पोरांकडं पक्कड हाय का?"

तिनं त्या वणांवरून बोट फिरवलं. मग हळूच म्हणाली, "पहिल्या वर्षी खरंच पोरांनी मोडलं होतं, सर. तुम्ही सगळ्यांपुढं उभं करून टाळ्या वाजवायला लावल्या. दुसऱ्या वर्षापासून स्कॉलरशिपचे तास, सरकारी माहिती भरणं, पेटी उघडायला सवडच न्हाई. पण तुम्ही मोडकं मागत होते. मी मोडकं दिलं."

"न्हाई उघडली म्हणली असती, तर मी खाल्लं असतं का तुला?"

"टाळ्या बंद झाल्या असत्या, सर."

शेषेरावांना एवढं सरळ बोलणं अपेक्षित नव्हतं. खोटं बोलली असती तर रागावता तरी आलं असतं. तिनं ते चाक त्यांच्या हातात परत दिलं आणि नव्या साडीचा पदर सावरत मागच्या खुर्चीवर जाऊन बसली.

बैठकीत त्यांनी बरोबर नेलेली पिशवी उघडलीच न्हाई. फॉर्म भरला, दिला, आणि गाडी धरली.

घरासमोर कावेरीबाई उभ्याच. "काय मास्तर, भंगार कसं किलो?"

शेषेराव हसले न्हाईत. वर्षाराणीची पिशवी त्यांनी कावेरीबाईंच्या हातात दिली. "फुकट घ्या. हे भंगार हाय."

"अगं बाई! आन् घरातलं पोतं?"

"त्याला हात लावायचा न्हाई."

जिभेला हाड नसलेल्या कावेरीबाईंनी पिशवीत डोकावून बघितलं. मग म्हणाल्या, "मास्तर, नाव कुणाचं दिलं मग?"

"माझंच," शेषेराव म्हणाले, आणि दोन्ही गुडघे धरून ओट्यावर टेकले.