चित्रातली विहीर

काथ्याच्या नव्या दोराचा वास आला की मला लातूरकडची एक शाळा आठवते. जिल्हा नुकताच वेगळा झाला होता, शाळेच्या पाटीवर नव्या रंगाखालून उस्मानाबाद अजून डोकावत होतं, आणि त्या वर्षी पावसानं दडी मारलेली. मुलांच्या बुद्धिमापनावर संशोधन करणाऱ्या आमच्या बाई नांदेडहून चाचणी घ्यायला आल्या होत्या. मी त्यांच्याच हाताखाली शिकत होतो. चित्रात काय राहून गेलंय ते मुलांनी लिहायचं. विहीर, रहाट, बादली सगळं होतं, दोर तेवढा नव्हता. जवळजवळ अख्ख्या वर्गानं लिहिलं, ‘पाणी’. मी फुल्या मारत सुटलो. बाईंनी मला थांबवलं आणि पुढं बसलेल्या मुलीला विचारलं, “दोर नाही हे दिसलं नाही का गं?” “दिसलं की बाई,” ती म्हणाली, “पर हिरीत पानीच न्हाई, मग दोर कशाला लागतोय?” बाई खुदकन हसल्या. मला म्हणाल्या, “एखादं पोर चुकलं तर पोर चुकलं. सगळी एकसारखी चुकली तर आपला प्रश्न चुकला. गाळा तो.” बाईंचा प्रबंध टायपिंगला जायचा होता, आधीच्या सगळ्या शाळांचे आकडे पुन्हा मांडावे लागणार होते. आम्ही ते मांडले. पुढं ती चाचणी मराठवाडाभर वापरली गेली. तिच्यासाठी बाईंनी चित्रकाराकडून ते गाळलेलं चित्र दोरासकट नव्यानं काढून घेतलं, विहीर आधी काठोकाठ भरून घेतली, आणि मगच दोर पुसायला लावला. माझ्याकडची प्रत आता पिवळी पडलीय. विहीर मात्र अजून भरलेली आहे.