रजिस्टरमध्ये मी लिहिलेला ७.२

माझा देवावरसुद्धा बेताचाच विश्वास, भुताखेतांचं तर नावच नको. या सदरातले अनुभव वाचून मी आजवर हसतच आलेय. जळगावच्या एका खासगी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये पंधरा वर्षं टेक्निशियन आहे. पिंप्राळ्याहून स्कूटीवर येते, रक्ताच्या नळ्या लावते, घरी जाते. पण गेल्या हिवाळ्यातली एक गोष्ट डोक्यातून जात नाही… कुणाला तरी सांगितल्याशिवाय चैन पडायचं नाही, म्हणून लिहितेय.

आयसीयूत धरणगावकडच्या एका खेड्यातली बाई होती. नाव बदलून सुनंदाबाई म्हणते. चाळिशीची, कापूस वेचताना ताप भरला, फ्लूचा न्यूमोनिया झाला आणि ऑक्सिजनवर आली. त्यात किडनीही कुरकुरायला लागली. डॉक्टर मॅडमपुढे पेच असा, की चालू असलेली अँटिबायोटिक्स बंद करायची की वाढवायची. नुसता व्हायरस असेल तर त्या औषधांचा उपयोग नाही, वर किडनीला त्रास. पण व्हायरसनं खिळखिळ्या केलेल्या फुप्फुसात जीवाणूही शिरले असतील, तर औषध थांबवणं म्हणजे तिच्या जिवाशी खेळ. एक्स-रेवरून ते नीट कळत नाही, आणि सीआरपी ही नेहमीची रक्ततपासणी दोन्हींत चढते. म्हणून मॅडमनी प्रोकॅल्सिटोनिन मागवलं – आम्ही पीसीटी म्हणतो. नुसत्या व्हायरसमध्ये ते सहसा खाली राहतं, जीवाणू शिरले की चढतं.

आता माझी पद्धत सांगते. त्या मशीनमधून निघणारी चिठ्ठी महिन्याभरात पुसट होते. म्हणून मी स्क्रीनवरचा आकडा आधी रजिस्टरमध्ये लिहिते, रजिस्टरमधूनच वाचून वॉर्डला फोन करते, आणि चिठ्ठ्या जेवणाच्या सुट्टीत डिंकानं चिकटवते. माझ्या रजिस्टरमध्ये खाडाखोड नसते. नव्या मुली त्यावरून मला चिडवतात, चिडवू देत.

त्या दिवशी सकाळी दहाला मी लिहिलं, फोनवर वाचून दाखवलं – सुनंदाबाई, पीसीटी सात पॉइंट दोन. मॅडमनी लगेच जास्त जोराचं औषध सुरू केलं.

एकच्या सुमारास चिठ्ठी चिकटवायला घेतली. तिच्यावर होतं ०.१२.

मी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. समोर माझ्याच अक्षरात, स्वच्छ, ७.२. दुसऱ्या पेशंटचा आकडा इकडे आला म्हणावं, तर त्या दिवशी पीसीटीचा नमुना हा एकच होता. मागची चार पानं उलटली, सात पॉइंट दोन कुठेच नाही. मग मी तो आणला कुठून? त्या बाईच्या किडनीवर माझ्या चुकीमुळे औषधाचा मारा चालू होता… तीन तास झाले होते.

जिन्यानं धावत वर गेले. आयसीयूबाहेरच्या बाकावर तिचे यजमान बसले होते. माझा पांढरा कोट बघून उभे राहिले.

“ताई, रंगतमा काय निंघनं? बठ्ठं आते तुमना हातमा शे.”

रक्तात काय निघालं, सगळं आता तुमच्याच हातात आहे, असं म्हणत होते; मीही घरी अहिराणीच बोलते. पण ‘आलेच’ एवढंच मराठीत म्हणून दार ढकललं. आत जाऊन मॅडमना सगळं सांगितलं. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या शांतपणे म्हणाल्या, “किडनी गेली तर मी त्यांना काय सांगू?” मग त्यांनी सकाळची नळी परत लावायला सांगितली, आणि ताजं रक्तही काढून दिलं.

सकाळची नळी पुन्हा ०.१२ आली. म्हणजे मशीन बरोबर, मी चूक. नोकरी गेली, असं मी मनाशी धरूनच टाकलं. मग ताजी नळी लावली.

७.२.

तिसरा आकडा वगैरे काही नाही. तोच. मी या वेळी स्क्रीनसमोरून हलले नाही, मॅडमनाच खाली बोलावून घेतलं. त्यांनी नळीवरचं नाव आणि वेळ तपासली. म्हणाल्या, पीसीटी काही तासांत चढू शकतं, सकाळी जीवाणूंची नुकती सुरुवात असेल. ते पटण्यासारखं आहे. मी म्हटलं, चढलं ते ठीक, पण मला दहा वाजता आकडा कसा कळला? त्या म्हणाल्या, योगायोग. आणि खरा आकडा आला असता तर सकाळीच अँटिबायोटिक्स बंद केली असती, एवढं सांगून वर गेल्या.

दोन दिवसांनी कफाच्या कल्चर तपासणीत जीवाणू उगवले. सुनंदाबाई पुढे चालत घरी गेल्या. त्यांच्या यजमानांनी लॅबच्या दारात येऊन मला हात जोडले. मला त्यांच्याकडे बघवेना. चूक केल्याबद्दल कुणी हात जोडले तर माणसानं काय करावं?

हे एवढंच असतं तर मीही योगायोग म्हणून सोडून दिलं असतं. पण मागच्या महिन्यात दुसऱ्या एका पेशंटच्या पीसीटीचा आकडा स्क्रीनवर ०.२ होता आणि मी रजिस्टरमध्ये ९ लिहिला होता. शाई ओली असतानाच लक्षात आलं. पाच मिनिटं पेन धरून बसले. नवं रक्त मागवावं, तर कोणत्या तोंडानं? माझ्या हातानं नऊ लिहिला म्हणून? मी तो खोडला, पंधरा वर्षांत पहिल्यांदाच. वर ०.२ लिहिला आणि तोच फोनवर सांगितला. नियमानं तेच बरोबर होतं.

याचा अर्थ मला लागलेला नाही. लागेल असं वाटतही नाही. तिसऱ्या दिवसापासून त्या पेशंटचे नमुने यायचे बंद झाले. बरा होऊन घरी गेला असेल. वॉर्ड एक जिना वर आहे… मी अजून विचारायला गेलेले नाही.