देवाचा प्रॉम्प्टर

"बोला मास्तर, मी आहो ना मांगं."

पडदा उघडण्याआधी विंगेतून हे वाक्य आलं नाही, तर आमच्यातल्या भल्याभल्यांच्या तोंडाला कोरड पडायची. भाऊ आमच्या झाडीपट्टीतल्या नाटकांचे प्रॉम्प्टर. तुम्ही आमच्याकडचं नाटक पाहिलं असेल, तर त्यांना पाहिलं नसेल; ऐकलं मात्र नक्की असेल.

मी शाळामास्तर आणि दिवाळीनंतर नाटकांचा हंगाम लागला की नट. पाठांतराच्या नावानं आनंदीआनंद. एकदा मेलेल्या भावाच्या छातीवर पडून विलाप करायचा होता आणि एक शब्द आठवेना. भाऊंनी पहिला शब्द दिला, दुसरा दिला, शेवटी अख्खा विलाप विंगेतूनच केला. मी नुसते हुंदके दिले. वन्समोअर आला, आणि मेलेल्या भावाला पुन्हा मरावं लागलं.

घरी भाऊ आणि त्यांची कॉलेजात शिकणारी मुलगी, दोघंच. मुलीला सिकलसेल, रक्ताचा जन्मजात आजार. अंग ठणकायला लागलं की ती उशी चावत पडायची आणि भाऊ नदीकाठच्या महादेवाकडे जायचे. पिंडीसमोर उकिडवे बसून त्यांचं पुटपुटणं चालायचं, थेट विंगेतल्यासारखं. मी एकदा चिडवलं, "भाऊ, देवालेही प्रॉम्प्टिंग?"

"काऊन हासता? मोठा नट आहे तो. मोठ्या नटाचं पाठांतर कच्चंच राह्यते, तुमच्यासारखं. 'पोरगी बरी होते' येवढंच त्याचं वाक्य आहे. आठवलं का बोलन तो."

त्या वर्षी शहरातून सिनेमावाले आले. सिनेमा फार संथ, गोष्ट एका पुजाऱ्याची. त्याचा मुलगा जंगलात गेलेला, परत न आलेला. बाप देवाला विनवून विनवून थकतो आणि शेवटी मागणंच सोडतो. त्यांना पुजाऱ्यासाठी गावातला चेहरा हवा होता. मीच मोठ्या हौसेनं भाऊंना पुढे केलं.

शूटिंग त्याच महादेवाच्या देवळात होतं. शेवटच्या शॉटमध्ये पुजाऱ्यानं पिंडीसमोर नुसतं बसायचं होतं. चार मिनिटं, एक शब्द नाही.

"काका, ओठ हलताहेत," दिग्दर्शक म्हणाला. पुन्हा घेतला. पुन्हा हलले. दुपारपर्यंत तेच. दिग्दर्शक भला मुलगा होता, जवळ बसून समजावू लागला, "काका, तुमचा विश्वास उडालाय आता. तुम्ही देवाशी बोलत नाही."

"समजते जी. पण पोरगी दवाखान्यात आहे माही," भाऊ ओशाळून म्हणाले. "इथी बसलो का तोंड चालतेच."

तो शॉट राहिला. भाऊ चंद्रपूरच्या दवाखान्यात मुलीजवळ गेले. आठ दिवसांनी ती गेली.

तेरवी झाली आणि दिग्दर्शकाचा मला फोन आला. तेवढा एकच शॉट उरलाय, काकांना विचाराल का? मी नाही म्हणायला हवं होतं. विचारलं. भाऊ "चला" म्हणाले आणि पायात चपला सरकवल्या.

ते पिंडीसमोर बसले. चार मिनिटं संपली, पाचवं लागलं, दिग्दर्शक कट म्हणायचं विसरला. ओठ हलले नाहीत. मग सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यांच्याबरोबर मीही वाजवल्या, त्याची मला अजून लाज वाटते.

वर्षभरानं तो सिनेमा ब्रह्मपुरीच्या कॉलेजात दाखवला. भाऊ आले नाहीत. त्या शॉटला माझ्या शेजारच्या बाई डोळ्याला पदर लावून म्हणाल्या, "काय अ‍ॅक्टिंग करते हो हा माणूस!"

दुसऱ्या दिवशी मी भाऊंच्या घरी गेलो. भाऊ अंगणात लाखोळीची डाळ निवडत होते. लोक रडले, टाळ्या पडल्या, सगळं सांगितलं. त्यांनी बसायला पोतं सरकवून दिलं आणि पुन्हा सुपात मान घातली. मला राहवलं नाही. विचारलं, "महादेवाकडं जाता का भाऊ, आता?"

"नाई."

त्यांनी दोन-चार खडे वेचून बाजूला टाकले. मग माझ्याकडे न पाहता, विंगेतल्या त्याच हलक्या आवाजात म्हणाले, "मले वाटे, विसरला असन. म्हणून सांगत होतो. विसरला नोहता तो, मास्तर. त्याले आयकू जात होतं."