पाठीवरचं बाळ

कॅनडात, स्कारबरोच्या घरी बेसमेंटमधली जुनी बॅग उघडली आणि चुलीच्या धुराचा वास आला. आफ्रिकेतल्या मलावीतलं निळं फडकं!

"आई, डोनेट कर ना ते," मुलगी म्हणाली.

मलावीतल्या एका खेड्यात मी व्हॉलंटियर म्हणून गणित शिकवायचे. एकदा माझी विद्यार्थिनी एस्थर आपलं तान्हं बाळ घेऊन शाळेत आली. हेडमास्तरांनी तिला दारातच अडवलं. "विद्यार्थिनींनी बाळ आणायचं नाही."

मी ते बाळ याच फडक्याने माझ्या पाठीला बांधलं. "शिक्षकांना तर बंदी नाही ना?"

थोड्या वेळात पाठ ओली झाली, पण अपूर्णांक थांबले नाहीत.

तेव्हा मला माझाच अभिमान वाटला होता. आज कळतं, बाळ घेऊन त्या दारापर्यंत येणं जास्त अवघड होतं.

डोनेट? हात तर लावून बघ!