उतरलेली पट्टी

अकरा वर्षांत तो माइकवर एकदाच बोलला. नऊ शब्द. त्यातले तीन पंख्याबद्दल होते आणि तीन बहिणीसाठी.

जागा तळघरातली आहे. वर सात मजल्यांची कचेऱ्यांची इमारत, खाली एकवीस टेबलांचं रेस्टॉरंट. दुपारी बारा ते तीन तिथे तिघे जण जाझ वाजवतात: गिटार, बास आणि ड्रम. वीतभर उंचीचं स्टेज, मागे भिंत, भिंतीपलीकडे स्वयंपाकघर. तिथे कोळशाच्या भट्टीवर मांस भाजलं जातं. खिडकी कुठेच नाही. हवा छतालगतच्या पत्र्याच्या नळातून खेळते आणि ती खेळवणारा मोठा पंखा स्वयंपाकघराच्या टोकाला, पट्ट्यावर फिरतो.

गिटारवाल्याला सगळे ‘गप्पिष्ट’ म्हणतात. दिवसभरात तो दहा वाक्यं बोलला तर ड्रमवाले काका त्याच्या कपाळाला हात लावून ताप बघतात. ही नोकरीही त्याने स्वतः मागितली नव्हती. त्याची थोरली बहीण तिथे भांडी घासते. मालकासकट सगळे तिला ताई म्हणतात. तीच मालकाला म्हणाली होती, “भाऊ चांगला वाजवतो. तोंड उघडत नाही, तेवढा तुमचा फायदाच.”

लहानपणी पाहुणे आले की तो कपाटामागे जाऊन बसायचा. दहाव्या वर्षी मामाची जुनी गिटार हाती आली आणि कपाटामागून उत्तरं यायला लागली. शाळा कशी चाललीय, असं मामाने विचारलं की आतून दोन वेडेवाकडे सूर येत. ताई अर्थ सांगायची, “गणितात आपटलाय.” आजही भिंतीपलीकडे ताट घासता घासता तिला कळतं की भाऊ आज न जेवता आलाय. मग मधल्या सुट्टीत तिचा डबा स्टेजवर पोचतो.

तारा जुळवायला त्याने कधी यंत्र घेतलं नाही. पंख्याची घरघर आणि त्याच्या पाचव्या तारेचा सूर एकच आहे, हे त्याला पहिल्याच दिवशी ऐकू आलं होतं. रोज पावणेबाराला तो मान तिरकी करून पंखा ऐके, तार त्याच्याशी जुळवी आणि बाकीच्या तारा त्या तारेशी. बासवाला गिटारशी जुळवून घेई. म्हणजे पंखा जाईल तिकडे सगळे जात होते, आणि त्याचा कुणाला पत्ता नव्हता.

मग गिऱ्हाइकं जांभया द्यायला लागली.

सुरुवात स्वयंपाकघराजवळच्या टेबलांपासून झाली. माणसं कॉफी न घेताच उठायची. एका बाईंनी कपाळ दाबत बिल मागितलं. भट्टीवरचा आचारी जाता जाता म्हणाला, “गप्पिष्ट, तुझं ऐकून डोकं धरलं रे माझं!” ही चेष्टा होती. गिटारवाल्याने ती मनावर घेतली. लाजऱ्या माणसाला दोषी शोधायला लांब जावं लागत नाही. त्याने संथ रचना वगळल्या, द्रुत धरल्या. जांभया वाढल्या.

घरी ताईही न जेवता आडवी व्हायला लागली. “काही नाही रे, डोकं चढलंय. वय झालं आता.” तिचा चेहरा उतरला होता. साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी मात्र ती ठणठणीत असे. त्या दिवशी आपण वाजवत नाही, हे त्याच्या लक्षात आलं, आणि त्याने त्यातूनही स्वतःच्याच दोषाचा अर्थ काढला.

एका सोमवारी बासवाल्याचा मित्र ट्रंपेट घेऊन आला. पहिल्याच ओळीला त्याने ते तोंडापासून दूर केलं.

“तुम्ही कुठल्या पट्टीत वाजवताय?”

“नेहमीच्या,” बासवाला म्हणाला.

“मग तुमची नेहमीची पट्टी तळघराच्याही खाली गेलीय. अर्धा सूर उतरलायत दोघं!”

गिटारवाल्याने वाद्यांच्या दुकानातून सूर तपासायचा काटा आणला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो टेबलावर आपटून कानाला लावला आणि पंखा ऐकला. पंखा अर्ध्या सुराहूनही खाली होता. बुधवारी आणखी खाली. यंत्र मंदावल्याशिवाय सूर सोडत नाही, एवढं त्याला कळत होतं. मंद पंखा, कोळशाची भट्टी, बंद जागा आणि सुट्टीच्या दिवशी बरी असणारी बहीण. घरी पोचेपर्यंत त्याने सगळं जुळवलं. पण जुळवणं त्याला नेहमीच जमत होतं. सांगणं उरलं होतं.

गुरुवारी सकाळी, वाटेभर घोकलेलं वाक्य घेऊन तो मालकासमोर उभा राहिला.

“साहेब, पंखा उतरलाय.”

मालकाने वर हवेच्या नळाकडे पाहिलं. “कुणी उतरवला? आहे की जागेवर!”

“नाही... सुरातून उतरलाय.”

“अरे बाबा, पंख्याने हवा द्यायची, गाणं नाही म्हणायचं. सूर तू सांभाळ.”

आचारी खो खो हसला. भट्टीचं आणि ताईचं अशी दोन वाक्यं घशातच राहिली. तो मागे जाऊन ताईला म्हणाला, “चार दिवस येऊ नकोस.”

“आणि भांडी कोण घासणार? तुझा पंखा?”

त्या दिवशी सव्वादोनला एकही टेबल रिकामं नव्हतं. मधल्या रचनेत त्याला पंखा खाली जाताना ऐकू आला. इतके दिवस तो दिवसादिवसाने उतरत होता. आता क्षणाक्षणाने उतरत होता. त्याने रचना सोडली. उजव्या हाताने एकटी पाचवी तार छेडत राहिला आणि डाव्या हाताने तिची खुंटी ढिली करत गेला. पंखा जेवढा खाली, तेवढी तार खाली.

“काय करतोयस?” बासवाला दातांतून म्हणाला. काकांनी काठ्या उचलून धरल्या. ड्रम थांबल्यावर तारेखालचा दुसरा सूर दोघांनाही ऐकू आला. कण्हल्यासारखा.

गिटारवाला मात्र भिंतीकडे बघत होता. पलीकडून रोज भांड्यांचा खणखणाट येतो. आता फक्त नळाचं पाणी वाजत होतं.

तो उठून माइकपाशी गेला. “पंखा बंद पडतोय. सगळे वर चला. ताई, तू आधी.”

कुणीतरी हसलं. एका टेबलाने टाळ्या वाजवल्या. ताई आली नाही.

“अरे, हा बोललाय!” बासवाला ओरडला. “हा बोललाय, कळतंय का? उठा!”

स्वयंपाकघरात ताई मोरीला टेकून बसली होती, बाह्या भिजलेल्या, नळ चालू. आचारी चिमटा हातात घेऊन तिच्याकडे बघत उभा होता, आता पुढे काय करायचं असतं ते आठवत नसल्यासारखा. दोघांना जिन्याने वर ओढत आणलं. फुटपाथवर अकरा जण ओकले. ताई दोन दिवस हॉस्पिटलमध्ये होती. डॉक्टरांनी समजावलं की कोंडलेल्या कोळशातून सुटणाऱ्या या विषारी वायूला रंग नसतो, वास नसतो. “आवाजही नसतो,” ते म्हणाले.

पंख्याचा पट्टा तेलकट होऊन घसरत होता. मालकाने तो बदलला. पंखा मूळ सुरावर आला. मग मालकाने आणखी खर्च करून पंख्याभोवती जाड अस्तराची पेटी बसवली. “बघ, आता कसं शांत वाटतं. गिऱ्हाईक पण खूश, तू पण खूश.” वायूची सूचना देणारं यंत्र मागवलंय, असंही तो म्हणाला. त्याला तीन महिने झाले.

घरघर आता स्टेजपर्यंत येत नाही. ताई पुन्हा मोरीपाशी असते. दुसरीकडे काम बघ म्हटलं की म्हणते, “भांडी सगळीकडे सारखीच. इथे निदान तू ऐकू येतोस.”

स्टेजच्या वर हवेच्या नळाला जाळी आहे. गिटारवाल्याने तिला कागदाची चार बोटं लांब पट्टी बांधली आहे. पट्टी फडफडते तोवर हवा येते. तो वाजवतो ते वर बघत. नव्या गिऱ्हाइकांना वाटतं, किती लाजतो, कुणाशी नजर मिळवत नाही. बासवाला सांगतो, “आमचा गप्पिष्ट पट्टी बघून वाजवतो.” लोक मान डोलावतात.

मागच्या मंगळवारी तिसऱ्या रचनेत पट्टी लोंबली. त्याचा हात थांबला. बास थांबला, काका थांबले. भिंतीपलीकडून पातेल्यावर डाव आपटल्याचा आवाज आला. एकदा, मग दोनदा. ती ताई होती, ठीक असल्याचं कळवत. पट्टी पुन्हा हलली, आणि तिघांनी रचना जिथे सोडली होती तिथून उचलली.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. रचनेतली ती थांबायची जागा त्यांना फार आवडली. या आठवड्यात ती जागा तीनदा आली.