अण्णांच्या दुकानाचा ईमेल

लोणच्याची बरणी तळाला जाते, पण शेजारचे किस्से काही सरत नाहीत. शिवाजी पेठेत आमची आणि शामराव अण्णांची भिंत एकच. कान लावावाच लागत नाही!

अण्णांचा कोल्हापुरी चपलांचा धंदा. इंटरनेट नवं होतं तेव्हा त्यांनी दुकानाच्या नावाचं डोमेन, म्हणजे इंटरनेटवरचा पत्ता, आणि ईमेल घेतला. जर्मनीच्या एका बाईंची मोठी ऑर्डर यायची होती. ती हुकली तर कारागिरांना घरी बसवायची पाळी. आणि ईमेलचं रोज नवं दुखणं!

*

आधी अण्णांचे मेल बाईंच्या स्पॅममध्ये जायला लागले. ज्याच्या सर्व्हरवर हा ईमेल चालायचा, तो पुण्याचा होस्टिंगवाला फोनवर म्हणाला, "सगळी अक्षरं कॅपिटल, वर उद्गारचिन्हांची रांग! सर्व्हरला जाहिरात वाटते."

"अहो पावणं, कोल्हापुरात हळू बोललं तर ऐकतंय कोण?"

*

मग एके सकाळी ईमेलच बंद. डोमेनची मुदत संपलेली!

"ॲडमिनच्या मेलबॉक्सवर किती सूचना पाठवल्या!" होस्टिंगवाला वैतागला.

"दिसत हुत्या की! पण त्या कुणा ॲडमिनच्या नावावर. दुसऱ्याचं टपाल मी फोडत न्हाय."

मुदत वाढवून मिळाली, नाव वाचलं.

*

"पासवर्ड गुप्त ठेवा," असं होस्टिंगवाल्यानं बजावल्यावर अण्णांनी तो बदलला आणि स्वतःच विसरले. घरभर शोधाशोध! शेवटी मीच भिंतीपलीकडून सांगितला. टाइप करताना मोठ्यानं म्हणायची सवय त्यांना, माझा काय दोष?

*

आणि मग बाईंचा फोन आला. ऑर्डरचा मेल परत आला, उद्यापर्यंत पोचला नाही तर दुसरीकडं देणार!

मेलबॉक्स गच्च भरलेला. पेठेतल्या निम्म्या घरांचे पाहुणे बारशाचे, मुंजीचे, फुटबॉलच्या मॅचचे फोटो अण्णांच्याच ईमेलवर धाडायचे. होस्टिंगवाला म्हणाला, "पुसून टाका." पण विचारल्याशिवाय अण्णा पुसतील तर शपथ! घरोघर जाऊन होकार आणला, तेव्हा कुठं जागा झाली.

संध्याकाळी मेल आला तेव्हा मी त्यांच्याच घरी होते. अण्णा मोठ्यानं वाचायला लागले, "ऑर्डर पक्की!" अण्णांच्या बायकोनं, म्हणजे वहिनींनी, देवापुढं साखर ठेवली. माझाही जीव भांड्यात पडला.

अण्णा पुढची ओळ वाचून थांबले. "तुमच्या मुलीच्या लग्नाला आम्ही चौघं येतोय. उतरायची सोय कुठं आहे?"

"हिला कुणी बोलावलं?"

वहिनींनी पदर सावरला. "ॲड्रेस बुकात हुत्या तेवढ्या सगळ्यांना पत्रिका धाडली. एक नाव राहिलं तर जन्मभर ऐकावं लागतंय!"

मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, "अक्का, तुमची माडी रिकामीच हाय न्हवं?"