आत्याची धान्यबंदी

वडील गेल्यावर घरात आम्ही तिघी उरलो. आई, आत्या आणि मी. पुढच्या खोलीत आई बायकांचे केस कापायची, मागच्या खोलीत आत्या पडदे शिवायची. मधलं दार कायम उघडं. नणंद-भावजय एका छपराखाली इतक्या गुण्यागोविंदाने राहतात, यावर आईच्या गिऱ्हाइकांचा विश्वास बसायचा नाही. "भांडतच नाही का तुम्ही?" असं कुणी विचारलं की मशीन न थांबवता आत्या आतून ओरडायची, "वेळ कुठाय?"

आईच्या रक्तातली साखर वाढल्याचं कळलं आणि आत्याचा चेहराच उतरला. माझ्या वडिलांनाही हाच आजार होता. त्यांनी तो हसण्यावारी नेला, आणि थोरल्या भावाला रागवायचं धाडस आत्याला कधी झालं नाही. ती कसर आता ती भरून काढायला निघाली. डॉक्टरांनी आईला गोळ्या दिल्या, गोड बंद करा, भात-पाव बेताने खा म्हणाले. 'बेताने' हा शब्द आत्याच्या कानात शिरलाच नाही. धान्य पोटात गेलं की त्याची साखर होते, एवढंच तिने कुठूनसं ऐकून ठेवलं होतं. साखरेचा डबा शेजारी गेला. पाठोपाठ तांदूळ, पाव, बटाटे. केळीसुद्धा सुटली नाहीत. उरलं काय, तर अंडी, पालेभाजी आणि आत्याची करडी नजर.

"वन्सं, दोन घास भात खाल्ला तर काही मरणार नाही मी," आई म्हणायची.

"दादापण असंच म्हणायचा."

आई पालेभाजी चिवडत बसायची. दिवसेंदिवस ती कोमेजत गेली. कधी आवाज न चढवणारी आई माझ्यावर खेकसायला लागली. आत्याला वाटलं, आजार बळावतोय. तिने लगाम आणखी आवळला.

मग एका सकाळी आई शाळेतल्या एका बाईंचे केस कापत होती. एक बाजू झाली आणि कात्री थांबली. आईच्या कपाळावरून घामाच्या धारा, हात लटलट कापताहेत. आरशात बघून तिने विचारलं, "तुम्ही कोण?"

बाई गळ्यातल्या कापडासकट उठल्या. "साखर उतरलीय यांची! माझ्या मिस्टरांना असंच व्हायचं. गोड द्या काहीतरी, लवकर!"

गळ्यात टेप अडकवलेली आत्या दारातच गोठली. "गोड? यांना?"

"हो, यांनाच!"

आणि घरात साखरेचा कण नव्हता. आत्या अनवाणी शेजारी धावली आणि निम्मा सांडलेला संत्र्याच्या रसाचा पेला घेऊन आली. आईचं डोकं छातीशी धरून घोटाघोटाने तिला रस पाजताना म्हणत होती, "पी गं, पी माझे बाई." वहिनीला 'अगं-तुगं' तिने जन्मात केलं नव्हतं.

थोड्या वेळाने आईची नजर ठिकाणावर आली. पहिलं वाक्य काय, तर "अगं बाई, यांचे केस अर्धेच राहिले!"

दुपारी आम्ही दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी गोळी बदलली आणि आहारतज्ज्ञांकडे पाठवलं. ती माझ्याच वयाची मुलगी होती. आत्याने सगळं कबूल केल्यावर ती अजिबात रागावली नाही.

"गोळी साखर उतरवत राहिली आणि ताटातून काहीच येईना, मग तोल जाणारच," ती म्हणाली. "शरीराला जळण लागतं, मेंदूला तर आधी. फक्त कुठलं ते बघायचं. सरबत, मिठाई, पांढरा पाव यांची साखर रक्तात धावत सुटते. कोंड्यासकट धान्य, घेवडा, वाटाणे, सालासकट फळ, यांची रक्तात सावकाश मिसळते. अर्ध्या ताटात भाज्या घ्या, पाव भागात अंडी, मासे किंवा डाळी. उरलेल्या पाव भागात भात घ्या, नाहीतर बटाटा. एवढं तर त्यांच्या हक्काचंच आहे."

आत्या पदराशी चाळा करत होती. "म्हणजे मीच यांना उपाशी ठेवलं," ती पुटपुटली आणि तिला रडू फुटलं.

"गप्प बसा हो," आई म्हणाली. "तुम्ही नसता तर मी एकही गोळी वेळेवर घेतली नसती."

ती मुलगी आत्याकडे निरखून बघत होती. आत्याचा ब्लाउज खांद्यावरून ओघळत होता. "आणि तुम्ही काय खाता?"

आत्या पदर खांद्यावर ओढून घेऊ लागली. शेवटी मीच सांगितलं, "आई जे खात नाही, ते तीही खात नाही."

आई थक्क झाली. "मला वाटायचं, मागच्या खोलीत गुपचूप पाव हाणत असतील!" ती हसायला लागली आणि हसताहसताच तिचे डोळे भरून आले. "काय हा वेडेपणा, वन्सं!"

"तुमच्यासमोर मला घास गेला असता का?" आत्या म्हणाली.

परतताना आम्ही हातसडीचे तांदूळ आणि घेवडा घेतला. त्या संध्याकाळी भात आईने स्वतः शिजवला. वाढायला मात्र आत्या बसली, पण डाव भातात घालून तिचा हात थबकला. किती वाढू, हे तिला ठरवता येईना. आईने डाव अलगद काढून घेतला आणि पहिला भात आत्याच्या ताटात वाढला. मग आपल्या ताटात बेताचा घेतला, शेजारी घेवड्याची भाजी. दोघी कितीतरी वेळ जेवत होत्या. आई प्रत्येक घास चावून चावून खात होती आणि आत्या तिच्याकडे बघत होती.

पुढच्या तपासण्यांत आईची साखर आटोक्यात येत गेली. आत्याच्या अंगावरही मूठभर मांस चढलं, ब्लाउज तिला पुन्हा नीट बसू लागले.